एक दिला, दोन घेतले

ऑक्टोबरात फुटबॉल नसतो, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट हॅलममध्ये फुटबॉलवरून भांडणं जास्त होतात. हा आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, चेंडूला पायाइतकेच हातही लागतात आणि एका गोलाचे गुण सहा. सीझन चालू असला की निदान शनिवारी ओरडायला मॅच असते. ऑक्टोबरात मात्र क्लब आपसांत खेळाडू आणि ड्राफ्टचे नंबर बदलत बसतात, आणि कुणी काय बदलावं याचा निकाल लागतो माझ्या दुकानात. मी कार्मेल झामित. पास्तिझी विकते, म्हणजे आमच्या माल्टाकडच्या खुसखुशीत करंज्या, रिकोटा चीज भरलेल्या आणि मटार भरलेल्या. दुकान बापाकडून आलं, जीभ आईकडून, आणि दोन्ही चांगली चालतात.

त्या वर्षी आम्ही खालून सहावे आलो. जो क्लब जितका खाली, त्याला नवी पोरं निवडायचा नंबर तितका आधी, असा ड्राफ्टचा कायदा. म्हणजे आमचा नंबर सहावा. हरण्याचं एवढं एकच बक्षीस असतं आणि आमच्या क्लबानं ते बरेचदा पटकावलंय.

या सहाव्या नंबराचं काय करायचं यावर दुकानात दोन पक्ष पडले. दोन्ही पक्षांत एकेकच माणूस होता, पण आवाज शंभरांचा.

"सहावा द्यायचा, अकरावा आणि एकोणिसावा घ्यायचा," कीथ म्हणाला. कीथ निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोकांच्या फाटकाशी उभं राहून बोलायची सवय, ती काही सुटली नाही. "एक दिला, दोन घेतले. साधं गणित आहे."

"तुझ्या गणिताला लाव काडी," स्टॅव म्हणाला. हा प्लंबर, मटारवाला, एका बैठकीत चार. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी? मी एक चांगला नळ काढून त्या जागी दोन गळके बसवतो का?"

"बसवतोस की. माझ्याच बाथरूममध्ये बसवलेस."

"ते तू स्वस्तातले आणून दिलेस म्हणून!"

पोरं अजून कुणाचीच झालेली नव्हती. बाजारात तुरी नि हे दोघं मात्र हातघाईवर. क्लबाच्या ऑफिसात कुणी यांना विचारत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला परवानगी लागत नाही.

खिडकीजवळच्या टेबलाशी नोला प्रिंगल विणत बसली होती. वय ऐंशीच्या घरात, कान थोडे गेलेले, जीभ शाबूत. क्लबात नवीन आलेल्या प्रत्येक पोराला नोलाच्या हातची निळी-पांढरी लोकरीची टोपी मिळते. हा रिवाज क्लबानं घातलेला नाही, तिनंच घातला, आणि आता मोडायची कुणाची छाती नाही. एका कॅप्टननं ती टोपी घालूनच लग्न लावलं.

"सहावा द्यायचा नाही," नोला मान वर न करता म्हणाली.

तिचं कारण सगळ्यांना माहीत होतं. तिचा नातू एंगस त्या वर्षी ड्राफ्टमध्ये होता, आणि पेपरवाले त्याला पाचवा ते दहावा यांत कुठेतरी धरत होते. आमचा सहावा शाबूत राहिला तर पोरगा आमचा. नोलाला या जन्मी दुसरं काही नको होतं. नातवाला निळ्या-पांढऱ्या जर्सीत बघायचं, बस्स.

खरं तर ही वेळच यायला नको होती. बाप एखाद्या क्लबाकडून शंभर मॅच खेळला असेल, तर त्याच्या पोरावर त्या क्लबाचा पहिला हक्क. एंगसचा बाप डॅरिल आमच्याकडून नव्याण्णव खेळला. शंभराव्या मॅचच्या सकाळी त्याचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता आणि तो ते लपवून निघाला होता. नोलानं कोचला फोन केला. "माझ्या पोराला आज खेळवलंत तर मी स्वतः मैदानात उतरेन," म्हणाली. कोच आमच्याच गल्लीतला, तो तिला ओळखून होता. त्यानं डॅरिलला बसवलं. पुढे ऑपरेशन झालं, क्लबानं त्याला सोडलं, आणि आकडा नव्याण्णववर अडकला तो अडकलाच. दर ख्रिसमसला डॅरिल आईला त्यावरून चिडवतो. ती हसते, पण मला माहीत आहे, तिच्या मनाला ते लागतं.

"नोला, एंगस घसरत घसरत अकराव्यापर्यंत येईल," कीथ जरा मवाळ होऊन म्हणाला. "मग तोही आपला, आणि वर एकोणिसावा फुकट."

"घसरायला तो काय साबण आहे?" नोला म्हणाली.

अदलाबदलीच्या, म्हणजे ट्रेडच्या, शेवटच्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली. आमच्या क्लबानं सहावा नंबर देऊन अकरावा आणि एकोणिसावा घेतला. सहावा दिला कुणाला, तर कॅसलटनला! नदीपलीकडचे कॅसलटन, नारिंगी-तपकिरी कोल्हे. त्यांच्याकडे माझी चुलतबहीण लग्न करून गेली, तर आमच्या घरी तीन ख्रिसमस तिचं नाव निघालं नाही.

स्टॅवनं खिशातून क्लबाचं मेंबर कार्ड काढलं आणि माझ्याकडे कात्री मागितली. दर वर्षी मागतो. मी दर वर्षी देत नाही. "कोल्हा काकडीला राजी असतो म्हणे," तो ओरडला, "आणि आम्ही त्याला अख्खी कोंबडी दिली! कीथ, झालं तुझ्या मनासारखं?"

कीथ जिंकला होता, पण नोलाकडे बघून त्याच्या तोंडून ते साधं गणित काही निघेना. त्यानं तिच्यासाठी चहा मागवला आणि पैसे स्वतः दिले. कीथला ओळखणाऱ्याला कळेल, की ही केवढी गोष्ट होती.

नोव्हेंबरात ड्राफ्टच्या संध्याकाळी दुकानातल्या टीव्हीपुढे आम्ही चौघं बसलो. बाहेर अजून ऊन होतं. डॅरिल, त्याची बायको आणि एंगस तिकडे सोहळ्याच्या हॉलमध्ये होते. नोलालाही बोलावणं होतं, पण ती म्हणाली, "तिथे ओरडता येत नाही." तिच्या पिशवीत एक टोपी आधीच विणून तयार होती. तिनं दाखवली नाही, पण निळी लोकर बाहेर डोकावत होती.

पहिले पाच नंबर गेले. एंगस तसाच राहिला.

"आता कोल्हे," स्टॅव म्हणाला. "यांना उंच माणूस हवाय. उंचच घेणार. एंगस कुठे उंच आहे?"

"हो, त्यांना उंचच हवाय," कीथ लगेच म्हणाला. त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

कॅसलटननं एंगस प्रिंगलला घेतलं.

आमच्याच सहाव्या नंबरानं! पडद्यावर एंगस उठला, बापाला मिठी मारली, आणि कुणीतरी त्याच्या अंगात ती नारिंगी-तपकिरी जर्सी घातली. पोरगा इतका खूश होता की त्याच्यावर रागावताही येईना. मला मात्र क्लबाच्या ऑफिसावर मटारचं गरम पातेलं रिकामं करावंसं वाटलं. स्टॅवनं कात्रीही मागितली नाही.

थोड्या वेळानं नोलाचा फोन वाजला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून तिचा फोन सगळं दुकान ऐकतं.

"मम, बघितलंस?" डॅरिल होता.

"बघितलं. अभिनंदन सांग त्याला." मग तिला रडू फुटलं. "डॅरिल, मी तो फोन केला नसता, तर आज पोरगा आपल्या क्लबात असता रे."

"मम, ऐक. त्या दिवशी खेळलो असतो तर गुडघा कायमचा गेला असता. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनंच सांगितलं मला. मग मागच्या अंगणात एंगसबरोबर रोज किक कुणी मारल्या असत्या? तू फोन केलास, म्हणून तो आज इथे उभा आहे."

नोलानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग हे इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"मग ख्रिसमसला तुला चिडवायला काय उरलं असतं?"

"गाढवा," नोला म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. फोन ठेवल्यावर तिनं डोळे पुसले आणि आम्हाला बजावलं, "त्या रंगाची लोकर माझ्या घरात येणार नाही. सांगून ठेवते."

अकराव्या नंबरावर आम्ही टोबी बर्जेस नावाचा पोरगा घेतला, टास्मानियातल्या खाणीच्या गावचा. तिथलं मैदान गवताचं नाही, खडीचं. त्याचे गुडघे आणि कोपरं कायम सोललेली. एकोणिसाव्यावर पर्थचा अकोल माबियोर, दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढा उंच. दोघांचंही या शहरात कुणी नव्हतं. अशा पोरांना क्लब पहिलं वर्षभर कुणातरी मेंबराच्या घरी ठेवतो, म्हणजे त्यांना वेळेवर जेवण मिळतं आणि कुणीतरी रागवायला असतं. क्लबाची बाई जागा विचारत माझ्या दुकानात आली.

"दोघांनाही माझ्याकडे पाठव," नोला म्हणाली.

"नोला, दोन-दोन पोरं? या वयात?" मी म्हणाले.

"माझा एक गेला ना त्यांच्या बदल्यात? मग ते माझेच. कीथ, काय म्हणत होतास तू?"

कीथ पार ओशाळला. "एक दिला," तो हळूच म्हणाला, "दोन घेतले."

"मग पलंग हलवायला ये उद्या. आणि स्टॅव, माझा शॉवर उंच करून दे. गळका नको."

टोबी पहिल्या दिवशी तिला "मिसेस प्रिंगल, तुम्ही" करत होता. दुसऱ्या दिवशी तिनं दम भरला, "नोला म्हण, नाहीतर उपाशी झोप." तिसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात पास्तिझी घ्यायला आला, तेव्हा डोक्यावर टोपी होती. पिशवीतली तीच. नोव्हेंबरचं ऊन तापलं होतं, घाम निथळत होता, पण पठ्ठ्यानं टोपी काढली नाही. मला तो तिथेच आवडला.

मार्चमध्ये सीझनची पहिलीच मॅच कॅसलटनशी आली. आम्ही गोलामागच्या कठड्याशी, नेहमीच्या जागी. आठवडाभर एकच वाद चालला होता, एंगसची हुर्यो उडवायची की नाही. स्टॅवचं म्हणणं, कोल्हा तो कोल्हा. कीथचं म्हणणं, नोलाचा नातू तो नोलाचा नातू. शेवटी दोघांनी नोलालाच विचारलं.

"उडवा की," ती म्हणाली. "चेंडू त्याच्याकडे असेल तेव्हा. नसेल तेव्हा त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढलात तर बघा."

आमच्या कोचनं एंगसवर नजर ठेवायला नेमका टोबीलाच लावला. दोघं दिवसभर एकमेकांना चिकटून. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एंगसनं पहिला गोल मारला तेव्हा नोला निळा-पांढरा स्कार्फ हलवत उभी राहिली आणि "माझा एंगस!" म्हणून अशी ओरडली की शेजारच्या माणसाच्या हातातल्या मीट-पायवरचा सॉस सांडला. लगेच खाली बसून म्हणाली, "टोबी झोपला होता का?"

शेवटी शेवटी आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. एंगसला अगदी आमच्यासमोर चेंडू मिळाला. त्यानं पाय उचलला. स्टॅवचं तोंड हुर्यो करायला उघडलं, आणि आवाज आलाच नाही. एवढा तोंडाळ स्टॅव कठडा धरून नुसता उभा. तेवढ्यात टोबीनं खडीच्या मैदानावर घ्यावी तशी झेप घेतली आणि किक निघताच दोन्ही हातांनी चेंडू अडवला. भोंगा वाजला. आम्ही जिंकलो. एंगस तिथेच गुडघ्यांवर बसला. टोबीनं हात देऊन त्याला उठवलं. नोला रडत होती. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी नोलाकडे जेवण. कोकराचा रोस्ट, बटाटे, ग्रेव्ही. डॅरिल, तिन्ही पोरं, कीथ, स्टॅव आणि मी. एंगसनं आत येता येताच टोबीच्या डोक्याकडे बोट दाखवलं.

"नॅन, ती टोपी माझ्यासाठी विणली होतीस ना?"

नोलानं कपाट उघडलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याच्या हातात कोंबलं. नारिंगी-तपकिरी. "फाटकाबाहेर गेल्यावर घालायची," ती म्हणाली. "माझ्या घरात नाही."

एंगसनं तिच्या गालाचा मुका घेतला. मग नोला रोस्ट वाढायला लागली. कडेचा खरपूस तुकडा तिनं टोबीच्या ताटात ठेवला.

"नॅन!" एंगस ओरडला. "कडेचा तुकडा माझा असतो! लहानपणापासून माझा आहे!"

"होता," नोला म्हणाली. "ट्रेडमध्ये गेला."

डॅरिल इतका हसला की त्याला ठसका लागला. टोबी लाजून ताट एंगसकडे सरकवू लागला, तर नोलानं त्याच्या हातावर चमचा मारला. "खा तू. कमावलायस." आणि सगळ्यात मोठे बटाटे निवडून तिनं एंगसला वाढले.