शिवाचं पान

"थांब गं, फोडणी नको ओतूस अजून," मालन म्हणाली.

सुनेच्या, अक्षदाच्या हातातली पळी वरणाच्या पातेल्यावर तशीच थांबली. मोहरी तडतडत होती. मालनने घाईघाईने डावभर साधं वरण एका स्टीलच्या वाटीत काढून घेतलं आणि मग म्हणाली, "हां, आता ओत."

चर्रर्र आवाज झाला आणि हिंगाचा वास घरभर पसरला.

ओट्याच्या कोपऱ्यात अशा तीन वाट्या झाल्या होत्या. एकीत वरण. दुसरीत काळ्या वाटाण्याच्या सांबाराचा मिरची न घातलेला भाग, मिक्सरमधून काढून गाळलेला. तिसरी वाटी रिकामी होती. ती घाटल्याची.

मालनने वरणात चिमूटभर मीठ टाकलं.

"आई, बाबांना चव कुठे लागते?" अक्षदा हळूच म्हणाली. "नळीतून तर जातं."

"पोटाला लागते की नाही कोण जाणे. पण ह्यांना अळणी जेवण मी कधी दिलं नाही."

अक्षदाने वाटीवर झाकण ठेवलं.

त्या दिवशी गौरीचं जेवण होतं. लालबागच्या जुन्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिल्यापासून घर चौदाव्या मजल्यावर गेलं होतं. खालचे ढोल आणि दर्शनाच्या रांगेतला गलका इथे पोचेपर्यंत बारीक होऊन जायचा. पण घरातला बेत मालनने बदलला नव्हता. वरण-भात, लाल भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे आणि गौरीसाठी घावन-घाटलं. यात अवघड काहीच नाही, असं ती नेहमी म्हणायची. जिन्नस चार घरी असतात तेच. सवड मात्र हवी.

आयुष्यभर तिने हेच केलं होतं. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बालवाडीत ती मदतनीस होती. मुलांना हात धुवायला लावायचे, खिचडी शिजवायची, सांडलं तर न ओरडता पुसायचं. तिथली मुलं मोठी होऊन मुलाबाळांची झाली, तरी वाटेत भेटली की "मावशी, तुमची खिचडी" म्हणायची. याहून मोठं असं तिच्या नावावर काही नव्हतं, आणि तिला ते खुपतही नव्हतं.

"आजी, गूळ संपला!" नात श्रेया डबा उलटा करून दाखवत म्हणाली.

"संपला म्हणायचं नाही सणासुदीला. वाढला म्हणायचं."

"पण तो तर झीरो झालाय!"

"म्हणूनच. घरातली वस्तू संपली असं आपण तोंडाने म्हणत नाही. बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. आणि ताटात जेवण वाढतो, तेही वाढणंच."

"सगळ्याला वाढणं?"

"हो."

"कन्फ्यूजिंग आहे," श्रेया म्हणाली. पण तिला हा खेळ आवडला. मग तिने घरभर फिरून जाहीर केलं की फ्रीजमधलं दूध वाढलंय, मोबाइलची बॅटरी वाढलीय आणि पप्पांचे केस वाढलेत.

"माझे केस गळालेत, बाई," स्वप्नील म्हणाला.

"तेच! म्हणून वाढलेत."

घाटलं ढवळता ढवळता मालनलाही हसू आलं. तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात कालवलेलं होतं. गूळ विरघळत होता. हात एकसारखा फिरता ठेवावा लागतो, नाहीतर खाली गुठळ्या धरतात. तिने श्रेयाला जवळ घेतलं, डाव तिच्या हातात दिला आणि वरून आपला हात धरला. "असं. कडेने. घाई करायची नाही."

घाटलं चमच्यावरून ओघळू लागलं तसं तिने थोडं तिसऱ्या वाटीत काढलं आणि नारळाच्या पातळ दुधाने आणखी सैल केलं.

आतल्या खोलीत मालनचा नवरा, शिवा, भिंतीकडे तोंड करून पडला होता. शिमग्यानंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत गिळणंही गेलं. पाण्याचा घोटही श्वासनळीत जायचा. तेव्हापासून नाकातली नळी आली. बोलणं थोडंफार परत आलं होतं, तुटक, अर्ध्या तोंडाचं. पण तो बोलतच नसे. घरात जेवायची वेळ झाली, ताटांचा आवाज झाला, की तो तोंड भिंतीकडे वळवायचा.

हा तोच शिवा होता, ज्याच्याशिवाय गौरीची पंगत बसत नसे. गिरणी बंद पडल्यावर तो शिवडीच्या एका गोदामात रखवालदार झाला. सणाला सुट्टी मिळत नसे. रात्रपाळी करून तो थेट पाटावर येऊन बसायचा. गौरीला नैवेद्य झाला की घरातलं पहिलं पान त्याचं. त्याने पहिला घास घेतला की बाकीचे हात हलायचे.

सकाळी स्वप्नीलने त्याला विचारलं होतं, "बाबा, व्हीलचेअरवर बसवतो. पंगतीला याल ना बाहेर?"

"नाय," शिवाने भिंतीला सांगितलं होतं.

मालनने ते ऐकलं होतं. तरीही ती त्याचं पान मांडणार होती. आज मांडलं नाही तर यापुढे कधीच मांडलं जाणार नाही, हे तिला कळत होतं. मग हा माणूस घरात असूनही घरातला राहणार नव्हता.

दुपारी शिवाची थोरली बहीण, कमलाबाई, कॉटन ग्रीनहून आल्या. रस्ते बंद, म्हणून बरंच अंतर चालतच आल्या होत्या.

"गो बाय माजे! काय ती गर्दी! एक मेलो माका म्हणता, आजी, रांगेत येवा. मी म्हटलंय, रे, मी दर्शनाक नाय, जेवूक चाललंय!"

सगळे हसले. त्या पाणी प्यायल्या, गौरीपुढे हात जोडले, आतल्या खोलीच्या दारातून भावाच्या पाठीकडे बघून आल्या.

तोवर मालनने केळीची पानं मांडायला घेतली होती. खिडकीजवळ, मोकळ्या जागेत, तिने उंच स्टूल ठेवलं आणि त्यावर पहिलं पान पुसून पसरलं.

"ह्या कोणाचा?" कमलाबाईंनी विचारलं.

"ह्यांचं."

"तो जेवतलो?"

"नाही. पण पान त्यांचं."

कमलाबाई उठून उभ्या राहिल्या. "मालन, जिता माणूस जेवचो नाय आणि त्याच्या म्होरे पान मांडतंस? न जेवचा पान कोणाचा मांडतत, ता तुका ठाऊक नाय? म्हाळाक मांडतत. कावळ्याक ठेवतत."

"आत्या, तसं काही नसतं हो," अक्षदा म्हणाली.

"तुका नसात. माका आसा." त्यांचे डोळे भरून आले होते. "आये गेली तेव्हा तो एवढोसो होतो. माज्या हातान भरवलंय मी त्याका. त्याचा पान मी तसा बघूचंय नाय."

कमलाबाई दुष्टपणाने बोलत नव्हत्या, हीच अडचण होती. आणि त्या जे म्हणाल्या ते मालनच्याही मनात सकाळपासून कुठेतरी होतंच. वाढलेलं, वाफ निवलेलं, कुणी हात न लावलेलं पान. तसं पान तिने आजवर फक्त गेलेल्यांसाठीच मांडलं होतं. सासऱ्यांसाठी, आईसाठी.

तिने पान उचललं. उचलून दोन्ही हातांत धरून ती तशीच उभी राहिली. कुठे ठेवावं ते तिला कळेना.

तो अवघडलेपणा मोडावा म्हणून कमलाबाईंनी नाक पुसलं आणि आतल्या खोलीच्या दाराशी खेळणाऱ्या श्रेयाला विचारलं, "चेडवा, आजोबांचा जेवाण झाला काय गो?" सकाळचं नळीचं दिलं का, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

श्रेयाने डोळे बारीक करून विचार केला. सण होता. झालं, संपलं असं म्हणायचं नव्हतं.

"हो," ती मोठ्याने, स्पष्ट म्हणाली. "आजोबांचं जेवण वाढलं."

सगळ्यांना त्यातलं संपणंच ऐकू आलं.

"श्रेया!" स्वप्नील ओरडला. "काय बोलतेस कळतंय का तुला?"

पोरीचा चेहरा उतरला. "आजीनेच सांगितलं! संपलं म्हणायचं नाही म्हणाली. मग मी काय म्हणू?"

"तिला ओरडू नकोस," मालन म्हणाली. "ती बरोबर बोलली. मीच शिकवलंय."

तेवढ्यात आतून एक आवाज आला. आधी वाटलं, खोकला. अक्षदा धावलीच. पण तो खोकला नव्हता. शिवा हसत होता. अर्ध्या तोंडाने, घोगरं, हसणं विसरलेल्या माणसासारखं. हसता हसता त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्याने तोंड भिंतीकडून वळवलं होतं.

दारात मालन उभी होती, हातात केळीचं पान घेऊन.

त्याने पानाकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"वाड," तो म्हणाला.

"काय म्हणाले?" स्वप्नीलने विचारलं.

"वाढ म्हणाले," मालन म्हणाली. "उचल त्यांना."

स्वप्नीलने त्याला अलगद उचलून व्हीलचेअरवर बसवलं. पाठीला उशी दिली, नळी शर्टाच्या खिशाला पिनेने अडकवली. गौरीपुढे नैवेद्य दाखवून झाला. खिडकीजवळच्या स्टुलावर मालनने पुन्हा पान मांडलं आणि श्रेयाला हाक मारली. "ये, तू वाढ. रडायचं नाही. आधी मीठ. पानाच्या वरच्या अंगाला. हं. लिंबू त्याच्या शेजारी. भाजी उजव्या हाताला. भाताची मूद मधे. त्यावर वरण. एवढं नको गं, वाहून जाईल."

वरण वाहून गेलंच. शिवा डाव्या हाताने पानाची कड धरून बघत होता.

कमलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या पानाकडे बघत नव्हत्या. पदराचा बोळा त्यांनी तोंडात धरला होता.

वाढून झालं. कुणाचाही हात आपल्या पानाकडे जाईना. सगळे शिवाकडे बघत होते. शिवाने पानावरचा हात उचलला आणि श्रेयाच्या मनगटाला धरून तिला जवळ ओढलं. मग बोटाने भात दाखवला.

"मी? तुमच्या पानात?"

त्याने मान हलवली.

श्रेयाने आजीकडे बघितलं. आजीने मान डोलावल्यावर तिने उभ्या उभ्याच वरणभाताचा घास घेतला. शिवाचे डोळे तिच्या तोंडावर होते. दुसरा घास तिने सांबाराचा घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "तिखट! आजोबा, हे मला नको." तिने वाटाणे बोटाने बाजूला सारले आणि वड्याचा तुकडा मोडला. तिचं नाक गळायला लागलं होतं. तिने ते बाहीला पुसलं.

"एका पानात दोघा बसली," कमलाबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "मोकळा पान ऱ्हवला नाय. मगे हरकत नाय." त्यांनी आपल्या पानावरचा पहिला घास उचलला आणि तोंडापर्यंत नेऊन पुन्हा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

जेवणं झाली. मालन मात्र अजून जेवली नव्हती. तिने तीन वाट्या आणि मोठी पिचकारी आणली, ती नळीला जोडली आणि शिवाच्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर बसली. हॉस्पिटलातल्या नर्सने सगळं एकत्र करून द्यायला सांगितलं होतं. वेळ वाचतो म्हणाली होती. रोज मालन तसंच करायची. आज तिने वाट्या वेगळ्या ठेवल्या.

"आई, पोटात गेल्यावर एकच ना?" अक्षदाने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"हो, पोटात एकच."

मालनने आधी थोडं पाणी सोडलं. मग पिचकारीत वरण ओतलं आणि ती उंच धरली. पिवळी धार नळीतून सरकत गेली. "वरण आहे," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "साधं. तूप घातलंय जरासं."

शिवा खिडकीबाहेर बघत होता.

"हे सांबार. वाटण भाजून घातलंय. मिरची नाही."

तपकिरी धार गेली. खालून कुठल्यातरी मंडळाची आरती पुसट ऐकू येत होती.

"आणि हे घाटलं."

पिचकारीतलं घाटलं हळूहळू खाली उतरू लागलं. मालनचं लक्ष नळीवर होतं, कुठे अडकू नये म्हणून. मग सहज तिची नजर शिवाच्या चेहऱ्यावर गेली.

त्याने डोळे मिटले होते. ओठ बंद होते. आणि जबडा हलत होता. हळू, एका बाजूने, रिकाम्या तोंडात. तो चावत होता.

मालनने पिचकारी जराशी खाली घेतली. नळीतली धार थांबली. त्याचा घास होईपर्यंत ती तशीच थांबून राहिली.