आधी कपडे, मग दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सरावाचा पुतळा आहे. रबाळ्याच्या कारखान्यात रबर ओतून मला घडवलं आणि तुर्भ्याच्या एका इस्पितळात आणलं. कुणी मुद्दाम रोगाचे जंतू माणसांवर सोडले, तर डॉक्टरांनी काय करायचं, हे माझ्यावर शिकवलं जाई. अंगावर खोटे फोड रंगवत, छातीवर बुक्के बसत. शिकवणाऱ्या डॉक्टर रंजिता माझं फार कौतुक करत. पुढे शिबिरं थांबली आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो.

यंदा मला पुन्हा बाहेर काढलं. जंतूंची भुकटी समजायची म्हणून अंगावर पीठ उधळून गेटपाशी ठेवलं. तरुण डॉक्टर आशुतोष मला उचलून थेट आत धावला.

"वॉर्ड मारलास सगळा!" रंजिता मॅडम कडाडल्या. "आधी बाहेरच कपडे काढायचे, अंग धुवायचं. मग दरवाजा."

मला परत गेटपाशी आणून सराव चालू असतानाच एक टेम्पो करकचून थांबला. जवळच्या गोदामात दोघांनी घुसून रखवालदार गोटीरामला गजानं झोडपलं होतं आणि कसल्याशा भुकटीची पिशवी त्याच्यावर फोडून ते पळाले होते. त्याचा भाऊ दत्तू त्याला घेऊन आला होता. गोटीरामचं डोकं फुटलं होतं. रक्तात भुकटीचा चिखल झाला होता.

मास्क, हातमोजे चढवून आशुतोष आडवा आला. एका हातानं तो सदरा कापू लागला, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं त्यानं जखम दाबून धरली.

"आरं, माजा भाव मरतंय! कपडं कसली काढता? आत घे त्याला!"

"घेतो. दोन मिनिटं, दादा."

दत्तूनं टेम्पोतली चाक खोलायची लोखंडी टॉमी उपसली. पहिला घाव आशुतोषच्या डोळ्यावर बसला. दुसऱ्यानं खांद्याचं हाड मोडलं, तो आवाज मी ऐकला. तो गुडघ्यांवर आला, पण जखमेवरचा तळवा हलला नाही.

"मॅडम, पाणी सोडा!" तो ओरडला.

टॉमी पुन्हा उठली, तोच रंजिता मॅडमनी पाईपचा झोत दत्तूच्या तोंडावर मारला. सुरक्षारक्षकांनी त्याला खाली पाडलं. मग गोटीरामला धुऊन आत नेलं.

तपासणीत त्या भुकटीत जंतू सापडले. तिथल्या प्रत्येकाला, कोठडीतल्या दत्तूलाही, वेळेत औषध मिळालं. इस्पितळात कुणीही आजारी पडलं नाही. गोटीराम वाचला. आशुतोषचा डावा डोळा मात्र गेला.

शुद्धीवर आल्यावर गोटीरामनं विचारलं, "माजं डोकं धरून होता तो डॉक्टर कुठं हाय?"

रंजिता मॅडमनी सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून हुंदके देत राहिला.

मित्रांनो, माझ्यावर रोज घाव पडतात. मी रबराचा आहे, मला दुखत नाही. पण मला जिन्याखाली टाकून देऊ नका, माझ्यावर शिकू द्या. आणि आपलं माणूस गेटवर थांबवलं म्हणून कुणावर हात उगारण्याआधी, त्या डॉक्टरचा दुसरा हात कुठे आहे तेवढं बघा.