ओकारीचे झाड म्हणे!

मित्रांनो, मी योपॉनचे एक जुने झुडूप आहे. कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या बेटावर, ओरफाबाईंच्या कुंपणाला लागून मी वाढले. बारा महिने हिरवे, हिवाळ्यात लाल फळांनी लगडलेले.

या बेटाने पिढ्यान्पिढ्या माझ्या पानांचा चहा प्यायला. कोणी मला योपॉन म्हणे, कोणी कसीना. मग समुद्रापलीकडच्या एका विद्वानाने माझ्या चहाने ओकारी होते असे ठरवून माझ्या शास्त्रीय नावातच ओकारी घुसवली. त्याने एक घोटही घेतला नसावा. पुढे दुकानात कॉफी आली आणि बेटकऱ्यांनाही माझी लाज वाटू लागली. पाहुणे आले की किटली लपवत. अशांची मला कीव येत नाही, किळस येते. ओरफाबाई तेवढ्या रोज पाने खुडत, भाजत, उकळत.

शेजारचे घर ड्वेन प्रुइट नावाच्या शहरी गृहस्थाने घेतले. मोजणीत मी त्याच्या हद्दीत निघाले. त्याने फोनवर माझे नाव वाचले, नाक मुरडले आणि असले विषारी झाड दारात नको म्हणाला.

ओरफाबाईंनी विचारले, "अठ्ठ्याहत्तर वर्षं पितेय मी हे. आजारी दिसते का तुला?"

दुपारी करवत चालली. माझा बुंधा तेवढा उरला. दुसऱ्या सकाळी बाईंनी किटली चढवलीच नाही.

आठवड्याने प्रुइटने रोपवाटिकेतून गोल गोल झुडपे आणून माझ्या जागी लावली. रोपांना अडकवलेल्या चिठ्ठीवर झोकदार नाव होते, 'सागरशोभा'. बाईंनी कुंपणावरून हात घालून एक पान चुरगळले, हुंगले.

"हे योपॉनच आहे, बाबा. बुटकं आहे, एवढंच."

त्याने ऐटीत चिठ्ठी दाखवली.

"मागची बाजू वाच," बाई म्हणाल्या.

मागे बारीक अक्षरांत माझेच शास्त्रीय नाव होते, ओकारीसकट. त्याचे कान लाल झाले. चिठ्ठी खिशात कोंबून तो पाणी घालू लागला.

माझ्या मुळांना मात्र त्याची हद्द ठाऊक नव्हती. वसंतात बाईंच्या अंगणात माझे चार कोंब फुटले. त्या गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसल्या आणि दोनच पाने खुडून आत गेल्या.

मित्रांनो, माझी काळजी घ्या म्हणून मी तुम्हाला विनवणार नाही. नाव वाचून करवत काढणाऱ्यांची काळजी मला नकोच आहे. कापायच्या आधी एकदा पान हातात घेऊन पाहा. तेवढीही अक्कल नसेल, तर आमच्या बेटावर येऊ नका.