डावा सायलेन्सर

वाटणीच्या दिवशी आमच्या धाकट्याने पाना घेतला, बाबांच्या मोटरसायकलचा डावा सायलेन्सर खोलला, खांद्यावर टाकला आणि चालता झाला. घर वाटून झालं होतं, भांडी वाटून झाली होती, बाबांची छत्रीसुद्धा कुणीतरी उचलली होती. गाडी तेवढी अडली. दादा म्हणाला, मी थोरला, गाडी माझी. धाकटा म्हणाला, धुवायचो मी, पुसायचो मी, तू नुसता मिरवायचास. शब्दाने शब्द वाढला आणि धाकट्याने आपला हिस्सा असा खांद्यावरून नेला.

मी मधली. दोघांच्या मधोमध जन्माला आले यात माझा काही दोष नाही, पण शिक्षा मलाच.

गाडी दोन सिलिंडरची, दोन्ही अंगांना एकेक सायलेन्सर. दादाने डाव्या बाजूला नळाच्या दुकानातून आणलेला पाईपचा तुकडा बसवला आणि नऊ वर्षं तशीच दामटली. आवाज असा, की तो गल्लीच्या तोंडाशी आला की तान्ही पोरं दचकून उठायची. धाकटा दोन गल्ल्या पलीकडे राहतो. शिंपी आहे, उघड्या दारात मशीन टाकून बसतो. तो आवाज कानावर पडला की हातातलं काम तसंच टाकून तो आत जायचा आणि दार लावून घ्यायचा. आणि दादाही, चांगला दुसरा रस्ता असताना, रोज त्याच्याच दारावरून जायचा. दोघांची पन्नाशी उलटलेली. डोकं कुठे आपटावं माणसाने?

माझं पॉलिशचं दुकान आहे. नळ, कड्या, बिजागऱ्या, दवाखान्यातल्या खाटांचे दांडे, जे काळं पडतं ते मी चकचकीत करते. मागच्या सोमवारी दादा लंगडत तिथे आला. काखेत उजवा सायलेन्सर.

"ठकी, गाडी विकतोय," तो मला म्हणाला. "पुढच्या सोमवारी मुलाकडे चाललोय, कायमचा. पाचवा मजला. गाडी तिथे कुठे ठेवू? गुडघ्यामुळे किकही बसत नाही आता."

"घेतोय कोण?"

"आहे एक जुन्या गाड्यांचा वेडा. रविवारी दुपारी तुझ्याकडेच येईल. म्हणतो, दोन्ही सायलेन्सर मूळचे हवेत. हा साफ कर. डावा कुठूनतरी पैदा कर."

"डावा कुठे आहे ते तुला चांगलं ठाऊक आहे. तुझ्या भावाकडे."

"मला भाऊ असता तर नऊ वर्षांत एकदा तरी आला असता."

असं म्हणून तो स्टुलावर बसला आणि गुडघा चोळत राहिला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. त्या फटफटाटाखेरीज त्यांच्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. एक दारावरून जायचा, दुसरा दार लावायचा, पण रोज एकमेकांची खबर तरी लागायची. रविवारी गाडी जाणार, सोमवारी दादा. मग संपलंच.

मी धाकट्याकडे गेले. मशीन सुरू होतं, गळ्यात टेप.

"दादा गाडी विकतोय. डावा दे," मी म्हटलं.

मशीन थांबलं. सुई कापडात तशीच रुतलेली. "कधी विकतोय?"

"रविवारी. सोमवारी मुलाकडे जातोय. राहायलाच."

तो उठला. आत गेला आणि चुटकीसरशी बाहेर आला. हातात अस्तराच्या कापडात गुंडाळून नाडीने बांधलेलं लांबलचक बोचकं.

"घे, ताई. गंजून गेला असेल. माळ्यावर पडला होता, कधी बघितलंही नाही."

त्याच्या माळ्यावर चढायला शिडी लागते, आणि शिडी माझ्यासमोर भिंतीला टेकून उभी होती. मी बोचकं घेतलं आणि निघाले.

दुकानात येऊन नाडी सोडली आणि बघतच राहिले. सायलेन्सरमध्ये माझं तोंड दिसत होतं. अंगभर तेलाचा पातळ हात. दोन्ही तोंडांत तेलात भिजवलेल्या कापडाचे बोळे, आत दमट हवा जाऊ नये म्हणून. सोबत एका डबीत दोन नट, बोल्ट आणि इंजिनाच्या तोंडाशी बसते ती तांब्याची कडी. तेल कसलं ते वासानेच कळलं, शिवणयंत्राचं. मी त्या स्टुलावर बसून थोडं रडले आणि मग धाकट्याला एक शिवी हासडली. अरे, एवढं जपलंस तर परत द्यायला काय झालं होतं?

काय झालं होतं ते मला ठाऊक आहे. दादा वाट बघत होता की तो आणून देईल. तो वाट बघत होता की दादा मागायला येईल.

उजव्याची अवस्था बघवत नव्हती. आधी साबणाच्या पाण्याने नऊ वर्षांचा चिखल काढला. क्रोमचा थर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो, त्यावर खसाखसा लोखंडी ब्रश मारला की गंजाबरोबर क्रोमही जातो. म्हणून पोळ्या बांधायचा चंदेरी कागद चुरगाळायचा, पाण्यात बुडवायचा आणि त्याने हलक्या हाताने घासायचं. वीतभर जागेला अर्धा तास. तांबडं पाणी ओघळत राहतं, खालून चांदी निघते. खालच्या अंगाला एक भोक पडलं होतं, ते झाळून घेतलं. मग बफच्या, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, पण अगदी टेकवल्यासारखं. चार दिवस लागले. तरी गंजाने खाल्लेले बारीक काळे ठिपके राहिलेच. ते कुणाच्या बापाने जात नाहीत.

रविवारी सकाळी दादा गाडी ढकलत आला. मी दोन्ही सायलेन्सर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. डाव्याला मी हातही लावला नव्हता.

"डावा नवा आणलास?" त्याने विचारलं. "मूळचा हवा म्हटलं होतं ना."

"त्याचा पोचा बघ."

दादाने अंगठा फिरवला. टोकापासून हातभर अंतरावर तो पोचा आहे. धाकटा सोळा वर्षांचा असताना दादा त्याला चोरून गाडी शिकवत होता, तेव्हा फाटकापाशी पडलेला. दादाने बाबांना सांगितलं होतं, मी पाडली. महिनाभर किल्ली मिळाली नव्हती त्याला.

अंगठा तिथेच राहिला. मग त्याने तो नाकाशी नेला.

"मशीनचं तेल," तो म्हणाला.

"हो."

"किती दिवसांनी लावत असेल?"

"आठवड्याला एकदा तरी. नाहीतर असा राहत नाही."

त्याने डाव्याकडे बघितलं, उजव्याकडे बघितलं. "मी गाडी वापरत होतो म्हणून गंजला," तो म्हणाला.

"मी काही बोलले का?"

दोन्ही मीच चढवले. धाकट्याच्या डबीतले नट हाताने फिरले, इतके साफ होते. किकही मीच मारली, दादा बसला, मी मागे बसले. आणि गाडी चालू आहे की नाही तेच कळेना. नुसती घुमल्यासारखी हळू बोलत होती, बाबांच्या वेळी बोलायची तशी.

"जरा चालवून बघू," दादा म्हणाला, आणि हँडल आपसूक त्याच गल्लीकडे वळलं.

धाकटा मशीनवर मान घालून बसला होता. आवाजच नव्हता, त्यामुळे त्याला आत पळता आलं नाही. त्याने मान वर केली तेव्हा गाडी पायरीला लागली होती आणि दादाने इंजिन बंद केलं होतं. धाकटा उठून उभा राहिला, हातात कात्री. दार सताड उघडं.

दादाने वाकून उजव्या सायलेन्सरकडे बघितलं. मग दादा म्हणाला, "उजवाही तुझ्याकडेच द्यायला हवा होता मी."

धाकट्याने कात्री ठेवली. पायरी उतरून खाली आला, उकिडवा बसला आणि गळ्यातली टेप मागे टाकून सदऱ्याच्या टोकाने उजवा सायलेन्सर पुसायला लागला.

"हे ठिपके जायचे नाहीत," मान वर न करता तो म्हणाला.

"ठकी तेच म्हणाली."

"पण वाढायचेही नाहीत. मी बघतो, दादा."

दादाने डोळे पुसले, उघड उघड. मग सीटवर मागे सरकला. "बस पुढे. गाडी आता तुझ्याकडेच राहू दे. माझ्याने किक बसत नाही."

दोघांना बसायचं तर मला उतरणं भागच होतं. मी दुकानापर्यंत चालत आले. दुपार झाली, तो जुन्या गाड्यांचा वेडा येऊन ताटकळत बसला. गाडी विकायची नाही असं सांगितल्यावर चिडला, मग म्हणाला, निदान बघू तरी द्या, कुठे आहे?

"दोघं घेऊन गेलेत," मी म्हटलं. "आता आवाजच येत नाही, कुठवर गेलेत ते कसं सांगू?"