त्याच जागी डाग

राखीच्या खालच्या ओठावर, उजव्या कोपऱ्याला, परत तो डाग उठला. आधी चुणचुण, मग जांभळट फोड, मग काळाकुट्ट चट्टा. जागा तीच! जसं काही त्यानं ती बापाकडून हिश्श्यात घेतली होती. आणि राखीच्या ओठावर डाग उठला की अर्ध्या केनवड गावाच्या ओठांना काम लागायचं.

मोठी माय चतुराबाई, म्हणजे राखीची मोठी काकू, भाकर थापता थापता म्हणाली, "पाल चाटून गेली असंन. झोपते कशी, तोंड उघडं टाकून!"

"पाल कायची?" शेजारची भागिरथा उंबऱ्यावर बसूनच बोलली. "चोरून लिपस्टिक लावत असंन पोट्टी. फॅशनचं फळ हाय ते!"

"लिपस्टिक लावाले मी लग्नात तरी गेली का यंदा?" राखी तडकली.

"पाय वं, तोंड किती चालते हिचं! डाग उठन नाही तं काय!"

घरचं बोलणं एकवेळ परवडलं. पण शाळेत बाकावरच्या मैत्रिणीनं पाण्याची बाटली हळूच पलीकडे सरकवली. आणि कबड्डीच्या ढवळे सरांनी सगळ्या मुलींसमोर सांगितलं, "राखी, तू बाहेर बस. कबड्डीत अंगाला अंग लागते. उद्या सगळ्या संघाले झालं तं? डॉक्टरनं सांगतलं तरच रिसोडच्या सामन्यात खेळशीन."

राखी बाहेर! संघातली सगळ्यात चपळ चढाई तिची. ती पलीकडे गेली की समोरच्या पोरींची कोंबडीच्या पिलांसारखी पळापळ व्हायची. आणि आता ती लिंबाखाली बसून इतरांच्या चपला सांभाळणार? डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. संताप नुसता! सगळ्यांनी निकाल दिला, आणि तिला कोणी काही विचारलंही नाही.

घरी येऊन तिनं दप्तर आपटलं. "बाबा, मले रिसोडले दवाखान्यात न्या. नाहीतर मी एकटीच जाते जीपनं."

बाप, रामराव, अबोल माणूस. त्यानं एकदा लेकीकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर ठेवली. मायही मागून निघाली.

रिसोडच्या चामडीच्या डॉक्टरांनी बॅटरीनं ओठ पाहिला. "आधी पण याच जागी आलता?"

"दरवेळी याच जागी," राखी म्हणाली.

"एखादी गोळी घेते का ही? कशाचीबी?"

"नाही बाप्पा!" माय घाईघाईनं बोलली. "पोरगी टनाटन हाय. गोळीचं नावच नाही." आणि टेबलाखालून तिनं राखीच्या मांडीला असा चिमटा काढला, की राखी जागची उडाली.

चिमटा कशाचा, ते राखीला बरोबर कळलं. त्यांच्या घरात पाळीचं नाव पुरुषमाणसापुढे निघत नसे. 'कावळा शिवला' एवढंही मोठ्यानं नाही. पोटात कळा यायला लागल्या की माय भागिरथेकडून गुपचूप मागवलेली गोळी तिच्या तळहातावर ठेवायची, वर बजावायची, "बापाले समजू देजो नको." राखी ती गिळायची. आणि मग...

मग ओठ चुणचुणायचा!

राखीची कानशिलं तापली. डाग चव्हाट्यावर, त्यावर ज्याला वाटेल तो बोलणार. गोळी मात्र पदराआड, तिच्यावर कोणीच बोलायचं नाही. दोन्ही एकाच अंगात घडतात, तरी एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहायची कोणाची हिंमत नाही!

"घेते मी गोळी," ती म्हणाली. मायनं दुसरा चिमटा काढला. राखीनं तिचा हात धरला आणि टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. "पाळीत पोट दुखते म्हणून घेते. दर महिन्याले. घेतली का डाग येते."

रामराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला. मायनं पदर तोंडाशी नेला. डॉक्टर मात्र मान डोलवत म्हणाले, "झालं तर! एखाद्याच्या अंगाला एखादं औषध सोसत नाही. ते घेतलं की दरवेळी त्याच जागी डाग उठतो. तुझ्यामुळे दुसऱ्याला होणार नाही. पण ती गोळी आता बंद. घेत राहिलीस तर डाग वाढतील, तोंडही सोलून निघेल. पोटदुखीवर वेगळा उपाय करू."

"ऐकलं का?" राखी मायकडे वळली. "तोंड सोललं असतं माहं, तरी तू चिमटाच काढला असता!"

"मले काय माहीत वं..." माय पुटपुटली.

"माहीत होईन कसं? बोलूच देत नाही तं!"

दुसऱ्या दिवशी ढवळे सर मैदानावर दोन्ही बाजूंच्या मुली उभ्या करत होते. राखी थेट त्यांच्यासमोर गेली.

"सर, डॉक्टरनं सांगतलं, हे माह्यामुळे कोणाले होत नाही. पाळीच्या गोळीनं झालं."

बाटली सरकवणारी खाली पाहू लागली. सरांची शिट्टी ओठापर्यंत जाऊन तिथंच थांबली. "अगं... असं सगळ्यांसमोर बोलतात का?"

"तुमी मले सगळ्यांसमोरच बाहेर काढलं होतं, सर."

सरांनी हातानंच मैदानात 'जा' म्हटलं. राखीनं ओढणी कमरेला कसली, रेषेला हात लावून कपाळाला टेकवला, आणि "कबड्डी, कबड्डी" करत अशी घुसली, की पहिल्याच चढाईत तिनं तीन पोरी बाद केल्या.