चकतीभोवतीचं कडं

दोघी बहिणींतली मोठी शहर बस चालवायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. दोन्ही टोकांना बस वळवायला ऐसपैस जागा होती, बसायला बाकं होती, पण संडासाचा पत्ता नव्हता. पुरुष ड्रायव्हर भिंतीआड जाऊन यायचे. मोठीने आपल्यापुरता तोडगा काढला होता: कामावर असताना पाणीच प्यायचं नाही.

त्यामुळे लघवीची जळजळ तिला नवी नव्हती. सुरू झाली की ती आईच्या औषधांच्या डब्यात हात घालायची. आईलाही अधूनमधून तोच त्रास व्हायचा आणि आई कुठलंच पाकीट संपवायची नाही. दोन-चार उरलेल्या गोळ्यांत मोठीचं भागून जायचं.

हे पाहून धाकटीचं डोकं फिरायचं. ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती. लोकांच्या लघवीतले जंतू प्लेटवर वाढवायचे आणि कुठल्या औषधाने ते मरतात ते बघायचं, हेच तिचं रोजचं काम.

"अर्धवट मारून सोडतेस त्यांना," ती म्हणायची. "जे उरतात ते निगरगट्ट असतात. पुढची सगळी पिलावळ त्यांचीच."

"तुझ्या जंतूंना माझा नमस्कार सांग," म्हणून मोठी कामाला निघायची.

एकदा मात्र डब्यातल्या गोळ्यांनी काही फरक पडेना. मोठीने दुसऱ्या घेऊन पाहिल्या. मग औषधांच्या दुकानातून आणखी तिसऱ्याच आणल्या. कंबरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं, तेव्हा तिने सीटला शिव्या घातल्या.

आणि एका दुपारी, भरल्या बसमध्ये तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, ब्रेकवरचा पाय थरथरू लागला. तिने बस कशीबशी कडेला घेतली, दारं उघडली आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं.

"अहो, पुढच्या स्टॉपपर्यंत तरी न्या! मला उशीर होतोय," एक टाय लावलेला माणूस म्हणाला.

"मग तुम्हीच चालवा," असं म्हणून मोठीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

त्या माणसानेच ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत मोठीची पर्स छातीशी धरून तो दारात उभा राहिला.

जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. धाकटीच्याच रुग्णालयात डॉक्टरांनी आधी लघवीचा नमुना घेतला आणि नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं. ताप हटेना.

नमुना धाकटीच्या टेबलावर आला. प्लेटवर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडं दिसतं. दोन दिवसांनी पाहिलं, तर मोठीच्या प्लेटवर जंतू चकत्यांना खेटून वाढले होते. मोठीने खाल्लेल्या गोळ्या, दुकानातली ती तिसरी, आता चालू असलेलं इंजेक्शन, कशाभोवतीच कडं नव्हतं. एकाच चकतीभोवती होतं. अशा प्लेटी धाकटीने पुष्कळ पाहिल्या होत्या. निकाल लिहायचा आणि पुढची उचलायची. आज तिने ते कडं पट्टीने पुन्हा पुन्हा मोजलं. मग वरिष्ठांना दाखवलं आणि डॉक्टरांना फोन केला.

इंजेक्शन बदललं. संध्याकाळी ती मोठीजवळ जाऊन बसली.

"हे लागू पडेल ना?" मोठीने विचारलं.

"पडेल. प्लेटवर तरी पडलंय."

"आणि पुढच्या वेळी हेही नाही पडलं तर?"

धाकटी चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिली.

"सांग ना गं."

"मला माहीत नाही, ताई."

लहानपणापासून धाकटीकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असायचं. मोठीला पहिल्यांदाच भीती वाटली. तिने कूस बदलली आणि बहिणीचा हात धरून ठेवला.

दोन दिवसांत ताप उतरला. सुया टोचून टोचून हात काळेनिळे झाले, पण या वेळी शेवटच्या डोसपर्यंत मोठीने हूं की चूं केलं नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हे जंतू आतड्यात गुपचूप मुक्काम ठोकून राहू शकतात. गरज नसताना अँटिबायोटिक घेतलं की त्यांचंच फावतं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी हे सांगायचं."

कामावर रुजू झाली त्या दिवशी ती थेट डेपोच्या साहेबांसमोर उभी राहिली. "संडास बांधा, नाहीतर मी वाटेतल्या पेट्रोल पंपावर बस थांबवणार." साहेबांनी मान डोलावली, बांधलं काही नाही. तेव्हा ती खरोखरच पंपावर थांबायला लागली. प्रवासी कुरकुरायचे. हळूहळू काही बायका तिच्याबरोबर उतरू लागल्या.

पुढे तिची दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर अँटिबायोटिक गोळ्या लिहायला घेतल्या.

"थांबा," मोठी म्हणाली आणि तिने सगळी हकिकत सांगितली.

त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा तोंडात दिवा धरून पाहिलं. "ताप नाही, सूज पसरलेली नाही. पू काढून टाकला तर गोळ्यांशिवाय भागेल. पण दुखेल हां."

"दुखू दे," मोठी म्हणाली आणि तिने आ वासला.