हिरव्या रंगाखालचं भूत

सोमशेखरच्या टॉवेल कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले शेजारचे कामगारही आले होते, कारण मांत्रिक मल्लप्पाबाबा रेडिओवर भूत ऐकवणार होता. खंडेनवमीपासून सोमशेखरचे, धागा तुटला की आपोआप थांबणारे माग धागा न तुटताच थांबत होते. त्या दिवशीच्या यंत्रपूजेत विधवा चन्नम्मानं आपल्या मागाला हळदकुंकू वाहिलं होतं, एवढं लोकांना तिच्यावर खापर फोडायला पुरलं.

बाबाचा ट्रान्झिस्टर दाराशी गप्प होता. मागापाशी उभ्या चन्नम्माच्या अंगाला लावताच तो करकर ओरडायला लागला.

"ऐका, हिच्या नवऱ्याचा आत्मा बोलतोय," बाबा म्हणाला.

काय बोलतोय ते एकट्या बाबालाच कळत होतं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक शांतीपूजा निघत होती. सोमशेखरनं चन्नम्माला घरी जायला सांगितलं. त्याच्या बापाच्या काळापासून ती या कारखान्यात होती. तिनं डबा उचलला.

ती गेली, तरी माग थांबतच राहिले. दुसऱ्या दिवशी बाबा पूजा मांडत असताना सोमशेखरची पुतणी दानेश्वरी आली. ती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिनं बाबाचाच ट्रान्झिस्टर मागून घेतला आणि काकाला त्याच मागापाशी उभं करून त्याच्या अंगाला लावला. रेडिओ पुन्हा ओरडला.

"चन्नम्मा तर घरी आहे, काका. मग भूत आता तुमच्या अंगात आलं म्हणायचं का?"

मागाच्या पाठीमागच्या पॅनेलमध्ये मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह होता. तिनं तो बंद केला, तसा रेडिओ मुका झाला. चालू केला, की करकर. भूत आता विजेत शिरलं, असं म्हणत बाबानं पिशवी आवरायला घेतली.

ड्राइव्ह वीज सारखी तोडत-जोडत असतो, दानेश्वरीनं समजावलं. त्याचा उपद्रव, रेडिओत करकरतो तोच, अर्थिंगच्या तारेनं जमिनीत निघून जायला हवा. इथं तो शेजारच्या, धागा तपासणाऱ्या वायरीत शिरतो आणि मागाला वाटतं, धागा तुटला. मग वीज तोडून तिनं अर्थिंगचा नट सोडला. खाली हिरव्या ऑइलपेंटचा जाड थर होता; त्यातून वीज जमिनीकडे जातच नव्हती.

खंडेनवमीला यंत्रं नवीन दिसावीत म्हणून सोमशेखरनंच सगळी पॅनेलं रंगवली होती, आणि तारा रंगावरच कसल्या होत्या. सगळीकडचा रंग खरवडून नट आवळल्यावर माग न थांबता चालले. सोमशेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तसाच चन्नम्माच्या घरी गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे त्या दिवशी मी कुंकू लावलं आन् तुमी रंग," ती म्हणाली. "मग रेडिओ माज्याच अंगाला का लावला, मालक?"

त्यानं तिला कामावर परत बोलावलं. ती कामावर आली, पण त्याच्याकडे न बघता मागाशी उभी राहिली. सोमशेखरनं सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, तेव्हा मान वर करणं त्याला जड गेलं.

बाबांनो, माग अडला तर मागातच बघा. बाईच्या कोऱ्या कपाळाकडे बघून आजवर एकही यंत्र दुरुस्त झालेलं नाही.